माझ्या बहिणीच्या हातातली माळ

आमच्या गास गावात बाई वारली की मला बोलावणं येतं. मी तिला आंघोळ घालते, केस विंचरते, लग्नातली साडी अंगाला बसो न बसो, नीट चापून बसवते, हनुवटीखालून रुमाल बांधते आणि शेवटी तिच्या हातात जपमाळ देते. उजव्या हाताच्या बोटांतून दोन वेढे, मग डावा हात वर, आणि क्रूस दोन्ही अंगठ्यांच्या मध्ये. हे मी माझ्या आईकडून शिकले. आई थकली तेव्हापासून गासला आमच्या आळीतली एकही बाई मी माळेशिवाय मातीला पाठवलेली नाही. एक सोडून. ती माझी सख्खी धाकटी बहीण.

त्या एकीवरून आजही माझ्या पाठीमागे कुजबुज चालते. म्हणून एकदाच सगळं सांगून टाकते. ज्यांना पटेल त्यांना पटेल, बाकीच्यांनी आपापली वांगी खुडावीत.

बहीण रेल्वेच्या पूर्वेला सातिवलीत एका लहान कारखान्याच्या ऑफिसात नोकरीला लागली आणि दोन वर्षांत तिथल्या सुपरवायझरशी लग्न ठरवून घरी आली. माणूस नगरकडचा, मराठी, सुपारीचंही व्यसन नाही. पण आम्ही कॅथलिक आणि तो प्रोटेस्टंट, तोही तीन पिढ्यांचा. आईनं विचारलं, "येशूला मानतात ना?" बहीण म्हणाली, "मानतात." "आणि मारियामातेला?" बहीण गप्प. आईनं त्या दिवशी जेवण केलं नाही, पण लग्नाला नाही म्हटलं नाही. माझा मात्र जळफळाट झाला. मी लग्न केलं नव्हतं. वाडी होती, आई होती आणि रविवारी चर्चातल्या मिस्सानंतर मुलांना धर्मशिक्षण द्यायचं काम होतं. गावभरच्या पोरांना तारण म्हणजे काय ते शिकवणारी मी, आणि माझ्याच घरातली मुलगी दुसऱ्या चर्चात निघाली! तोंड दाखवायला जागा उरली नाही असं मला तेव्हा वाटायचं. आता हसू येतं.

लग्नानंतर ती हळूहळू मिस्साला यायची बंद झाली आणि त्यांच्या उपासनेला जायला लागली. सातिवलीत एका गोडाऊनच्या वरचा गाळा, पत्र्याचं छप्पर, लाल प्लास्टिकच्या खुर्च्या. मूर्ती नाही, मेणबत्ती नाही, मारियामातेचा फोटोसुद्धा नाही. ती मात्र खुलली. आधी घाबरट होती, चुकलं का, पाप लागलं का, असं सारखं फादरकडे पापं कबूल करायला, कन्फेशनला पळणारी. आता येऊन ओटीवर मांडी घालून बसायची, माझ्याबरोबर मोगऱ्याचे गजरे करायची आणि म्हणायची, "बाय, मी वाचलेय. वाचेन असं नाही. वाचलेय." मोठ्या बहिणीला ती बाय म्हणायची.

"अगं, मरायच्या आधीच निकाल लागला का तुझा?"

"लागला. मी नाही पास झाले, येशूनं पास केलं."

"आणि मी शेजारच्या म्हातारीचं सात वर्षं हगलं-मुतलं काढलं ते काय मग? गंमत म्हणून?"

"ते चांगलंच केलंस ग. पण त्यानं स्वर्ग मिळत नाही. स्वर्ग मिळालाय म्हणून आपण ते करायचं."

"म्हणजे काम मीच करायचं, फक्त मजुरी मागायची नाही!"

"मजुरी आधीच दिलीय, बाय." असं म्हणून ती खदखदून हसायची आणि माझ्या टोपलीतली फुलं आपल्या मांडीवर ओढायची. ती बायबलातून एका प्रेषिताचं पत्र काढायची, मी दुसऱ्याचं. तिचा म्हणायचा श्रद्धा, माझा म्हणायचा कृती दाखव. गजरे होईपर्यंत आमचं भांडण चालायचं. आमच्या घरच्या बोलीत भांडण फार चविष्ट होतं, प्रमाण मराठीत ती मजा नाही. आई आतून ओरडायची, "दोघी स्वर्गात गेलात तर तिथल्यांचे कान किटतील."

भांडण कितीही पेटलेलं असो, ती निघाली की मी तिची पिशवी भरायचे. वांगी, पडवळ, केळी वाळवून केलेली सुकेळी, नारळ. माहेराहून लेक रिकाम्या हातांनी पाठवायची नाही, हे आमच्याकडे कुठल्याही फादरनं शिकवावं लागत नाही. पिशवी उचलताना ती डोळे मिचकावून विचारायची, "ही कृपा की मजुरी?" मी म्हणायचे, "ही वांगी आहेत. चालती हो."

एकदा तिच्या हट्टाखातर मी त्या गाळ्यात गेले. गाणी चांगली म्हणतात, ते मी नाकारणार नाही. नंतर त्यांचा पास्टर भेटायला आला. तरुण माणूस, मुंबईत वाढलेला. म्हणाला, "ताई, तुम्ही उगाच टेन्शन घेता. क्रॉसवर सगळं काम फिनिश झालं. आपण फक्त बिलीव्ह करायचं. बाकी सब फ्री."

फ्री म्हटलं की माझं डोकं फिरतं. मी म्हटलं, "अहो, वाडीत मला आजवर एक पडवळ फ्री मिळालं नाही. बी टोचावं लागतं, मांडव घालावा लागतो, पाणी द्यावं लागतं, कीड वेचावी लागते."

तो शांतपणे म्हणाला, "पण ऊन कोण देतं, ताई? त्याच्यासाठी तुम्ही काय केलं?"

गासला येईपर्यंत त्याच्यावरचा राग मनात धुमसत होता, आणि तो बरोबर बोलला म्हणून जास्तच. दुसऱ्या दिवशी मी आमच्या फादरना गाठलं आणि सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आपणही काही स्वर्ग कामानं विकत घेत नाही. आधी कृपा. आपलं काम म्हणजे कृपेला दिलेलं उत्तर." मी म्हटलं, "मग आमचं भांडण कशाचं चाललंय?" फादर हसले. "थोडं भांडण शिल्लक आहे, पण तुम्ही दोघी भांडता तेवढं नाही."

ते थोडं म्हणजे काय, ते मला पुढे कळलं.

आई गेल्यावर काही वर्षांनी बहिणीला पोटाचा आजार निघाला. मुंबईच्या दवाखान्यात खेपा झाल्या, आणि एक दिवस डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या. तिला मूलबाळ नव्हतं. ती नवऱ्याला म्हणाली, मला गासला ने. त्यानं आणून सोडलं, आणि मग रोज कारखान्यातून सुटला की येऊन बसायचा. मी तिला आईच्या खोलीत ठेवलं. तिथं भिंतीवर येशूच्या पवित्र हृदयाचा फोटो आहे आणि त्याच्या शेजारी खिळ्याला आईची माळ, लाकडी मण्यांची, हाताळून हाताळून काळी झालेली; आईच्या हातात मी दुसरी देऊन ही ठेवून घेतली होती. मी विचारलं, फोटो काढू का? ती म्हणाली, "राहू दे. तो माझाही आहे."

रोज सकाळी मी तिला आंघोळ घालायचे. हाडाला कातडी लागलेली. ती त्यातही थट्टा करायची, "बाय, मला आंघोळ घालून स्वर्गात जागा धरतेस का?"

"गप बस. हात वर कर."

एक दिवस दुपारी पेज पिऊन झाल्यावर तिनं विचारलं, "मी गेले की तूच मला तयार करशील ना?"

"मग काय दुसऱ्या कुणाला हात लावू देणार आहे?"

"मग ऐक. माझ्या हातात माळ देऊ नको."

मी पेजेची वाटी उचलून सरळ स्वयंपाकघरात गेले. तिथून ओरडले, "असलं काही मला सांगू नकोस." मग मीच परत आले, कारण ती माझ्यामागे येऊ शकत नव्हती.

"माळेचा मला राग नाही," ती म्हणाली. "त्याच माळेवर आईनं आपल्याला प्रार्थना शिकवली. पण मी त्याच्यासमोर जाताना हातात काही घेऊन जाणार नाही. मी केलेलं नाही, तू केलेलं नाही, आईनं केलेलं नाही. मला रिकाम्या हातांनी पाठव."

"माहेराहून लेक रिकाम्या हातांनी पाठवतात का कधी?"

"एकदा पाठव," ती म्हणाली.

मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही. आंघोळ घातली, पेज भरवली, कूस बदलली, पण तोंड उघडलं नाही. मरणाच्या दारातल्या बहिणीशी अबोला धरला, हे मी लपवत नाही. पण माझंही ऐका. आमच्यात माणूस मेला की थेट स्वर्गात पोचतोच असं नाही. बहुतेकांना आधी शुद्धिस्थळात थांबावं लागतं, आत्म्यावरचा मळ निघेपर्यंत. तिथून लवकर सुटका व्हावी म्हणून मागच्यांनी फादरना मिस्सा सांगायचा, माळ म्हणायची. हे मी मुलांना शिकवत होते आणि ते मी मनापासून मानते. मग माझीच बहीण तिथं उभी आहे, आणि मी तिच्या हातात आधाराला काही दिलं नाही, हे मला सोसणार कसं? आणि माळ दिली, तर तिचा माझ्यावरचा विश्वास मेल्यावर मोडायचा. तिला तर कळणारही नाही, असा एक चोरटा विचारही येऊन गेला. त्याची मला आजही लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी तिचे केस विंचरताना मी म्हटलं, "बरं. माळ देणार नाही. पण महिना झाल्यावरच्या मिस्साचं मी काही कबूल करत नाही, सांगून ठेवते."

"मिस्साचं मी कुठं काय म्हटलं? तू काय करायचं ते तू जाणे. मी फक्त माझ्या हातांचं मागतेय."

"दिले," मी म्हटलं. तिनं माझा कंगव्याचा हात धरला आणि दाबला. दाब कसला, जोरच राहिला नव्हता.

एका सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास ती गेली. मी पेज गाळत होते. नवऱ्याला फोन केला. तो येईपर्यंत आळीतल्या तिघी बायका आल्या, पाणी तापवलं, दार लावून घेतलं. मी रडत नव्हते. काम असलं की मी रडत नाही. तिला आंघोळ घातली, केस विंचरून सैल वेणी घातली, लग्नातली पांढरी साडी नेसवली. साडी तिला दोनदा गुंडाळता आली असती. रुमाल बांधला. मग हात जुळवले.

आणि मग माझ्या हातांनी ते केलं. मी ठरवलं नाही, मनात आणलं नाही. हात भिंतीकडे गेला, खिळ्यावरून आईची माळ काढली, उजव्या हाताच्या बोटांतून दोन वेढे, डावा हात वर, क्रूस अंगठ्यांच्या मध्ये. इतक्या वर्षांची सवय. गाय दावणीला येते तसे माझे हात त्या जागी आले.

मागून एकीनं सुस्कारा टाकला. "बरं केलंस, बाई. शेवटी आपल्यातलीच होऊन गेली."

तेव्हा मी खाली पाहिलं. माळ तिच्या हातात शोभत होती. आईच्या हातातही ती अशीच दिसायची. बहिणीचा चेहरा शांत होता, ती काही बोलणार नव्हती. कुणालाच कळलं नसतं. शब्द मी एकटीनं दिला होता, आणि ज्या एकीला दिला होता ती आता विचारायला येणार नव्हती.

मी डावा हात उचलला आणि वेढा सोडवायला लागले.

"अगं, काय करतेस?" शेजारणीनं माझं मनगट धरलं. "मयताच्या हातातली माळ काढतात का? वेड लागलं का तुला? हिच्या आत्म्याचं काय होईल?"

"हात सोड."

"धर्म शिकवतेस तू पोरांना!"

"हात सोड म्हटलं ना!" माझा आवाज बाहेर अंगणापर्यंत गेला असावा, कारण दार वाजलं आणि तिचा नवरा आत आला. कारखान्यातून तसाच आलेला, खिशाला ओळखपत्र लटकलेलं. त्यानं तिच्याकडे पाहिलं, हातांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा म्हणेल, काढा ते, आमच्यात चालत नाही. तसं म्हणाला असता तर माझं काम सोपं झालं असतं.

तो म्हणाला, "बाय, राहू द्या ना. तिच्या आईची आहे. मला तिला अशा मोकळ्या हातांनी नाही पाठवता येत." आणि तो दाराच्या चौकटीला धरून लहान मुलासारखा रडायला लागला.

काय सांगू तुम्हाला! तीन पिढ्यांचा प्रोटेस्टंट माझ्याकडे बायकोच्या हातात माळ मागत होता, आणि मी, धर्मशिक्षणाची बाई, ती काढत होते. तिघी बायका त्याच्या बाजूच्या. मीसुद्धा मनातून त्याच्याच बाजूची. तिच्या बाजूला फक्त मी दिलेला शब्द होता.

मी त्याला म्हटलं, "तुम्हाला हवी म्हणून देणार नाही आणि मला हवी म्हणूनही देणार नाही. तिनं मागितलंय." मग वेढे सोडवले. पहिला सुटला, दुसरा तिच्या अंगठीत अडकला. खरं सांगते, मला भीती वाटत होती. आयुष्यभर मी जे शिकवलं ते खरं असेल, तर मी माझ्या बहिणीच्या हातातला दिवा काढून घेत होते. ती म्हणायची ते खरं असेल, तर तिला दिव्याची गरजच नव्हती. दोन्हीतलं काय ते मला त्या घटकेला माहीत नव्हतं. एवढंच माहीत होतं की तिनं मागितलं आणि मी हो म्हटलं. माळ काढली, माझ्या ओच्यात खोचली, आणि तिचे हात एकावर एक ठेवले. रिकामे.

पास्टरनं प्रार्थना केली, गाणी झाली, आणि पूर्वेकडच्या सार्वजनिक दफनभूमीत तिला मूठमाती दिली. आमचे फादरही आले होते. ते मागे उभे राहिले आणि गाणी त्यांनाही येत होती. कुणी काय अर्थ काढायचा तो काढावा.

गावात मात्र बोंब झाली. सख्ख्या बहिणीला माळेशिवाय पाठवलं म्हणे, पैशासाठी त्या लोकांत गेली म्हणे. माझ्यासमोर एकीची हिंमत झाली नाही. त्यानंतर आळीत एक मयत झालं, तेव्हा मला बोलावणं आलं नाही. मी वाडीत पडवळाला मांडव घालत होते आणि चर्चातली घंटा ऐकत होते. जीव तुटला. पण मी कुणाच्या दारात खुलासा द्यायला गेले नाही. धर्मशिक्षणाच्या वर्गात एका मुलीनं विचारलं, "टीचर, तुमची बहीण स्वर्गात गेली का?" मी म्हटलं, "गेली असणार. आणि पोचायची राहिली असेल, तर मी बघते." पुढच्या मयताला त्यांनीच माणूस पाठवला. साडी नीट बसेना म्हणे.

महिन्याचा मिस्सा मी सांगितला. सगळ्यांसमोर पहिल्या बाकावर बसले. आणि आता दर शनिवारी मी भाजी विकून झाली की रिक्षा करून पूर्वेला बहिणीच्या फ्लॅटवर जाते. तिच्या नवऱ्याची पिशवी भरून नेते. तो गॅलरीत माझ्यासाठी खुर्ची टाकतो आणि आत पेपर घेऊन बसतो. मी आईची माळ काढते आणि बहिणीसाठी पूर्ण म्हणते, दहा-दहा मण्यांची पाचही दशकं. माझं होईपर्यंत आत पेपरचं पान उलटल्याचा आवाज येत नाही.

मागच्या शनिवारी मी मध्यावर असताना तो पास्टर आला. खाली वाकून हळूच म्हणाला, "ताई, राग मानू नका. सिस्टर ऑलरेडी प्रभूजवळ पोचली. तिला ह्या प्रेअरची गरज नाही. आणि तिची पण तशी इच्छा नव्हती ना?"

आत खुर्ची सरकली. बहिणीचा नवरा दारात येऊन उभा राहिला.

मी म्हटलं, "तिनं तिचे हात मागितले होते. ते मी दिले, गाव अंगावर घेऊन दिले. माझे हात तिनं मागितले नव्हते."

चिमटीतला मणी मी सोडला नव्हता. तिथूनच पुढे म्हणायला लागले, आणि ह्या वेळी जरा मोठ्यानं.